कुलूप लावणं म्हणजे संस्था बंद करणं नव्हे

राहुरीच्या स्टँडवर एका बाईंनी मला मागून हाक मारली. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एमएसडब्ल्यू झाल्यावर मिळालेली माझी पहिली नोकरी नुकतीच संपली होती. बाई म्हणाल्या, ‘‘ताई, तुम्ही त्या केंद्रातल्या ना? दोन महिने झाले, दाराला कुलूपच दिसतंय. माझे कागद कुठं हायेत?’’

कागद म्हणजे लग्नपत्रिका, लग्नातला एक फोटो आणि सरकारी दवाखान्यात हातावरच्या जखमेची नोंद झाली होती तो दाखला. शिवाय मी स्वतः लिहून घेतलेली त्यांची हकीकत, साडेचार पानं. पोटगीच्या अर्जासाठी वकील हे सगळं मागत होते. शेजारच्या तालुक्यातलं ते सल्ला केंद्र मार्चअखेर अनुदान संपलं तसं बंद झालं होतं. बंद झालं म्हणजे काय, तर एका शनिवारी विश्वस्तांपैकी कुणीतरी कुलूप लावलं आणि आम्हा दोघी समुपदेशकांना फोनवर कळवलं. पाटी मात्र तशीच राहिली. फायलींचं विचारलं की आधी ‘सुरक्षित आहेत’, मग ‘बघू’, आणि नंतर फोनच उचलला जाईना. चार महिन्यांनी त्या सापडल्या, एका विश्वस्तांच्या नातेवाइकाच्या खताच्या गोदामात, युरियाच्या रिकाम्या गोण्यांत कोंबलेल्या. फोटो मिळाला. दाखला मिळाला नाही. दुसरा काढण्यासाठी बाईंना तीन खेपा घालाव्या लागल्या आणि प्रत्येक खेपेला एक रोज बुडाला. त्याहून वाईट पुढेच होतं. त्या साडेचार पानांतली एक गोष्ट त्यांनी माझ्याखेरीज कुणालाही सांगितलेली नव्हती. ती त्यांना त्यांच्या दिराच्या तोंडून ऐकावी लागली.

पुढे एकदा बाजारात आम्ही समोरासमोर आलो. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही.

हे आज लिहायचं कारण असं, की देवळाली प्रवरातलं आमचं स्वतःचं केंद्र आम्ही यंदा बंद केलं. गेल्या दिवाळीनंतर ठरवलं आणि जूनअखेर किल्ली परत दिली. मधल्या आठ महिन्यांत चळवळीतल्या मैत्रिणींकडून, विश्वस्तांकडून, हितचिंतकांकडून जे ऐकायला मिळालं त्याचं उत्तर मला द्यायचं आहे. ‘बंद का करता?’ हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. ‘बंद कसं करणार?’ असं मात्र एकीनेही विचारलं नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे.

केंद्र म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. कारखान्याच्या रस्त्याला एका मावशींच्या घराची पुढची खोली. दर मंगळवारी दुपारी दोन ते पाच. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाया यायच्या. कुणी शेंगा फोडायला घेऊन यायची, कुणी वाती वळायची, कुणी नुसतीच भिंतीला टेकून बसायची. बोलायचं तर बोलायचं, नाही तर नाही. नवऱ्याचा मार, मुलीचं मोडलेलं लग्न, न झालेलं मूल, अंगात येणं, रात्रभर न लागणारी झोप. साखर कारखान्याचं धुराडं थांबलं की घराघरांत काय होतं, तेही त्या खोलीत कळायचं. २०२१ साली कोरोनाने नवरे नेलेल्या बाया आल्या, तेव्हा खोली पुरेना. (आपल्याच जिल्ह्यातल्या हेरंब कुलकर्णींच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती त्याच वर्षी उभी राहिली. योजनांचे अर्ज भरायला तिचा फार उपयोग झाला. पण अर्ज भरून झाल्यावरही रडायला जागा लागतेच.) डॉक्टरांची गरज असली की आम्ही सोबत जायचो, लोणीला किंवा नगरच्या सिव्हिलला. दोन गावकार्यकर्त्या, मी आणि मावशी. समुपदेशन हा आमचा शब्द. बाया म्हणायच्या, ‘‘मंगळवारला जाऊन येते.’’

मग बंद का केलं? पैसा हे पहिलं कारण. पुण्याच्या एका मोठ्या संस्थेला परदेशी देणगी मिळायची आणि त्यातला छोटा वाटा ती आम्हाला द्यायची. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि एका संस्थेने दुसरीला असा पैसा देणं बंद झालं. कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आता आमच्यासारख्या केंद्राचा खर्च म्हणजे माणसाचा पगारच. आम्ही धरणं बांधत नाही की सायकली वाटत नाही. ऐकणारं माणूस हाच आमचा खर्च, आणि तो ‘कार्यालयीन’ ठरला. पुढे कंपन्यांच्या सामाजिक निधीकडे गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने फार सौजन्याने विचारलं, ‘‘मॅडम, महिन्याला किती महिला बऱ्या होतात?’’

दुसरं कारण सांगायला जड जातं. आम्ही दमलो होतो. एक गावकार्यकर्ती आशा म्हणून लागली होती. दुसरीची गुडघेदुखी तिला बसू देत नव्हती. शेवटची दोन वर्षं आम्ही केंद्र चालवत नव्हतो, रेटत होतो. दोन मंगळवार मी गेले आणि बायांचं ऐकताना माझं लक्ष घड्याळाकडे होतं. तिसऱ्या मंगळवारी ते एकीच्या लक्षात आलं.

बंद करायचं म्हटल्यावर विश्वस्त मंडळातल्या ज्येष्ठांनी पहिला तोडगा काढला : काम थांबवा, पण पाटी राहू द्या. नोंदणी राहू द्या. पुढेमागे निधी आला तर उपयोगी पडेल. वरवर हे शहाणपणाचं वाटतं. आपल्या जिल्ह्यात अशा पाट्या किती असतील ते तुम्हीच आपापल्या गावात मोजा. गंजलेल्या, अर्धा पत्ता पुसलेल्या, खाली ‘नोंदणी क्रमांक’ तेवढा ठळक. विश्वस्तांच्या लेखी ती पाटी म्हणजे अब्रू. पण रात्री मार खाऊन सकाळी पहिल्या एसटीने निघालेल्या बाईच्या लेखी ती पाटी म्हणजे आश्वासन असतं. तिने माहेरी न जाता या दाराशी यायचं ठरवलेलं असतं. दार बंद दिसलं की ती परत जाते, आणि एकदा परत गेलेली बाई दुसऱ्यांदा निघायला किती वर्षं घेते, हे या कामातल्या प्रत्येकीला माहीत आहे. रिकाम्या घरावरची पाटी निरुपद्रवी नसते, बाई तिच्यावर विसंबते. म्हणून आम्ही काम थांबवायच्या आधी पाटी उतरवली. त्या जागी कागद लावला : ‘मंगळवार जूनअखेरपर्यंत. त्यानंतर कुठे जायचं, ते आत विचारा.’

दुसरा आक्षेप मैत्रिणींचा, आणि तो मला जास्त लागला. ‘‘बंद करणं म्हणजे शरणागती. आज सरकारला हेच हवं आहे. आपण स्वतःच्या हाताने का करून द्यायचं?’’

या आक्षेपात खरं बरंच आहे. आठवून पाहा. महिला समाख्या हा कार्यक्रम १९८८-८९ च्या सुमारास उत्तर प्रदेश, गुजरात आणि कर्नाटकात सुरू झाला आणि पुढे बऱ्याच राज्यांत गेला. आपल्या महाराष्ट्रात तो आला नाही, म्हणून आपल्याकडे त्याची माहिती कमी. गावोगावी बायांचे संघ, त्यांच्या सहयोगिनी, काही ठिकाणी तर बायांनीच चालवलेल्या नारी अदालती. २०१६ मध्ये केंद्राने पैसा थांबवला आणि पंचवीस वर्षांहून जुनं काम गुंडाळलं गेलं. कुठे संघांनी स्वतःचे महासंघ करून तग धरला, कुठे नाही. किंवा केंद्रीय समाजकल्याण बोर्ड घ्या. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली ते उभं राहिलं. १९८३ पासून त्याच्या अनुदानावर ठिकठिकाणी कुटुंब सल्ला केंद्रं चालली. माझ्यासारख्या किती समुपदेशक तिथेच घडल्या. २०२२ साली राज्यांची बोर्डं बंद करण्याचा आदेश निघाला. बोर्ड गेल्यावर त्या केंद्रांत बसणाऱ्या समुपदेशकांचं काय, तिथे सुरू असलेल्या प्रकरणांचं काय, कपाटातल्या फायलींचं काय, याची आदेश काढणाऱ्याला झोप उडवणारी काळजी वाटली असेल असं दिसत नाही. दिल्लीतला निर्णय एका ओळीचा असतो. त्याची शेवटची ओळ तालुक्याच्या गावात एक बाई बंद दारासमोर उभी राहून वाचते.

तेव्हा राग मलाही आहे. पण मैत्रिणींनो, सरकार निष्काळजीपणाने बंद करतं म्हणून आपण बंदच करायचं नाही, हा कुठला न्याय? सरकारवर आपला आरोप नेमका काय आहे? न विचारता, न सांगता, माणसांना वाऱ्यावर सोडून बंद केलं, हाच ना? मग माझ्या त्या पहिल्या नोकरीतल्या विश्वस्तांनी वेगळं काय केलं? ती माणसं दुष्ट नव्हती. भाषणं तुमच्या-माझ्यासारखीच करायची. त्यांना लाज वाटली, एवढंच. संस्था चालवता आली नाही याची लाज इतकी मोठी, की तोंड चुकवताना त्यांना फायली दिसल्या नाहीत, फायलींतल्या बायाही दिसल्या नाहीत. मला वाटतं, आपल्याकडच्या बहुतेक संस्था पैशाअभावी बंद पडत असतील, पण वाईट रीतीने बंद पडतात त्या लाजेपोटी.

आणि ही लाज आपणच वाढवून ठेवली आहे. आपल्या लेटरहेडवर स्थापना वर्ष असतं. दशकपूर्ती असते, रौप्यमहोत्सव असतो, स्मरणिका असते. भिडेवाड्यातली मुलींची शाळा १८४८ साली सुरू झाली, हे तिसरीतलं पोर सांगतं. ती पुढे किती काळ चालली, कशाने थांबली, तिथल्या मुली मग कुठे गेल्या, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? मलाही नीट सांगता येणार नाही. सुरुवात हा आपल्याकडे इतिहास, शेवट म्हणजे घरातली गोष्ट. चारचौघांत बोलायची नाही.

गंमत अशी की एकेका व्यक्तीच्या बाबतीत हे आम्हाला शिकवलेलं असतं. केसवर्कच्या पुस्तकात शेवटचा टप्पा असतो : टर्मिनेशन, समाप्ती. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. समोरच्या व्यक्तीला आधीपासून कल्पना द्या, अचानक तोडू नका, तिच्या मनात राग येईल तो ऐका, ती कुठवर आली हे तिच्याबरोबर बसून पाहा, पुढचा आधार नक्की करा. दहापैकी दहा गुण. एका बाईशी नातं थांबवताना जे करायचं, ते दोनशे बायांशी एकदम थांबवताना करायचं नाही असं कुठे लिहिलंय? पण संस्थेच्या समाप्तीवर आम्हाला एक तासही नव्हता. उलट प्रकल्पाच्या अर्जात रकाना असतो : ‘निधी संपल्यावर काम कसे चालू राहील?’ आणि आपण सगळ्याजणी, हो, मीसुद्धा, तिथे लिहितो : ‘समुदाय स्वतः चालवील.’ देणाऱ्याला माहीत असतं हे खोटं आहे. लिहिणारीलाही माहीत असतं. ज्यांच्या नावाने लिहिलं जातं त्या समुदायाला तेवढं कुणी विचारलेलं नसतं.

ते खरं करायचं तर पहिल्या दिवसापासून करावं लागतं. जामखेड आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं तेव्हा गावातल्याच बायांना, त्यातल्या कित्येक निरक्षर आणि दलित, आरोग्याचं ज्ञान दिलं. विद्या गावातल्या बाईच्या हातात गेली की डॉक्टरची गाडी निघून गेल्यावरही ती गावातच राहते. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. जामखेडचं नाव पुसलं गेलं नाही. मुंबईचं उदाहरण आणखी नेमकं आहे. २००० साली ‘सेहत’ आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढलं. घरात मार खाल्लेली बाई आधी दवाखान्यात येते, मग आधार तिथेच का नसावा, असा साधा विचार. तिथे रुग्णालयाच्याच माणसांना शिकवून तयार केलं, आणि २००६ मध्ये ‘सेहत’ने केंद्र महापालिकेच्या हाती सोपवलं. पुढे इतर रुग्णालयांतही ‘दिलासा’ सुरू झाली. बाजूला होणं म्हणजे हरणं, असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं. सोपवायला काही वर्षं लागली, कारण सोपवायची तयारी चालवण्याबरोबरच चालू होती.

आम्ही ती केली नव्हती. माझी चूक इथे लिहिते. नऊ वर्षांत ऐकण्याचं कसब मी माझ्याच पिशवीत ठेवलं. अवघड प्रकरण आलं की कार्यकर्त्या म्हणायच्या, ‘‘ताई येऊ द्या.’’ मला ते आवडायचं.

आणखी एक गोष्ट बंद करायला घेतल्यावर कळली. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था विसर्जित करायला तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते. सभासदांची यादी काढली. विश्वस्त, त्यांच्या ओळखीचे वकील, एक निवृत्त मुख्याध्यापक, मी. दोन्ही गावकार्यकर्त्या यादीत नव्हत्या. जागा देणाऱ्या मावशी नव्हत्या. मंगळवारी येणारी एकही बाई नव्हती. स्त्रियांच्या निर्णयाधिकारावर शिबिरं घेणाऱ्या आमच्या संस्थेत काम करणाऱ्या बायांना संस्था बंद करण्यावर मत नव्हतं! नऊ वर्षांत ते कुणाला खटकलं नाही, मलाही नाही.

म्हणून कायदेशीर सभेच्या आधी मंगळवारची सभा घेतली, आणि तिथे जे ठरेल तेच कायदेशीर सभेत लिहायचं असा आग्रह धरला. वाद झाला. मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘बायका भावनेच्या भरात नाही म्हणतील.’’ त्या नाहीच म्हणाल्या. पहिल्या दोन सभांत त्यांनी बंद करायला साफ नकार दिला. तिसऱ्या सभेत आम्ही जमाखर्चाची वही मध्ये ठेवली. किती येतं, किती जातं, कुणाला काय मिळतं, सगळं मोठ्याने वाचलं. कार्यकर्त्यांचं मानधन दीड हजार आहे हे तिथल्या बायांना तोवर माहीत नव्हतं. एक जण म्हणाली, ‘‘खुरपायला गेली असती तर जास्त मिळालं असतं.’’ मानधन हा शब्द ज्याने काढला त्याला ना मान द्यायचा होता ना धन. त्या सभेनंतर बंद करण्याला होकार आला, पण अटी घालून. अटी त्यांच्या होत्या, आमच्या नव्हेत.

पहिली अट कार्यकर्त्यांच्या पैशांची. आमच्या खात्यात एकेचाळीस हजार शिल्लक होते. विश्वस्तांच्या मनात समारोपाचा कार्यक्रम होता. संस्थापकांचा सत्कार, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, आणि नऊ वर्षांची स्मरणिका. कृतज्ञता हवीच की. पण कृतज्ञता कुणी कुणाला व्यक्त करायची? आणि आधी देणं की आधी धन्यवाद? कार्यकर्त्यांचं चार महिन्यांचं मानधन थकलेलं असताना त्यांच्याच हातून संस्थापकांच्या खांद्यावर शाल घालायची, या प्रकाराला मी कृतज्ञता म्हणत नाही. सभासदांना शिल्लक वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेलाच द्यावी लागते, हे कायदा सांगतोच. आयकराची नोंदणी असलेल्या संस्थेने बंद होताना मालमत्ता तशाच नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला बारा महिन्यांच्या आत दिली नाही, तर २०१६ पासून तिच्यावर जबर कर बसतो. पण कामाचं थकलेलं देणं म्हणजे शिल्लक नव्हे, ते कर्ज आहे. ते आधी फेडलं. उरलेले पैसे नगरमधल्या एका संस्थेला दिले. स्मरणिका निघाली नाही. एक विश्वस्त अजून रुसलेले आहेत.

दुसरी अट फायलींची. दोनशे बारा फायली. यात कुणी घाई करू नये. बायांना पत्र पाठवायचं नाही, सासू उघडते. फोन करायचा नाही, नवरा उचलतो. व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नाही. कार्यकर्त्या शेतात, नळावर, आठवडेबाजारात गाठून एकेकीला तोंडी सांगत होत्या. तीन वाटा होत्या : तुझी फाईल तू घेऊन जा, किंवा तू लेखी म्हणशील त्या समुपदेशकाकडे दे, किंवा तुझ्यासमोर नष्ट करू. बहुतेकींनी मूळ कागद काढून घेतले आणि लिहिलेली पानं नष्ट करायला सांगितली. आम्ही जाळायचं म्हणत होतो. एक आजी म्हणाल्या, ‘‘जाळू नगा, उडतंय अर्धं जळकं पान. भिजवा, मेथ्या घाला, वाटा, टोपल्या लिंपू.’’ मावशींच्या अंगणात तीन दुपारी तेच चाललं. फोनमधली नावं आणि फोटोही एकमेकींसमोर बसून पुसले. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यावर मोठ्या शहरांत चर्चासत्रं होतात. तालुक्यातल्या सल्ला केंद्राच्या पत्र्याच्या कपाटापर्यंत ती चर्चा यायची आहे.

तिसरी अट, कुठे जायचं. इथे मला जास्त बोलायचंय, कारण यात सर्वांत जास्त फसवणूक होते. केंद्र बंद करताना नंबरांची यादी चिकटवली की आपण सुटलो असं वाटतं. १८१ ला फोन करा. मनाचा त्रास असेल तर टेलिमानसचा १४४१६, तो ऑक्टोबर २०२२ पासून आहे. सखी केंद्र आहे, संरक्षण अधिकारी आहेत. हे सगळं असायलाच हवं, यासाठीच आपण भांडलो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा काही आपोआप आला नाही. पण जिला स्वतःच्या घरात मोठ्याने बोलता येत नाही तिने फोनवर परक्या माणसाला काय सांगायचं? ज्या सदतीस जणींचं काही ना काही सुरू होतं, कोर्ट, गोळ्या, पोलीस ठाणं, त्या प्रत्येकीबरोबर आम्ही नव्या माणसापर्यंत स्वतः गेलो. त्या माणसासमोर तिला विचारलं, यांना किती सांगू? तिने म्हटलं तेवढंच सांगितलं. दुसऱ्या खेपेला ती एकटी जाईल आणि आम्ही बाहेर थांबू. तिसऱ्या खेपेला आम्ही येणार नाही. याला पाच महिने लागले. चौघीजणींनी नवा माणूस नको म्हणून सांगितलं. त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. त्यांची काळजी अजून वाटते.

आभाराचा मंगळवार शेवटून दुसरा ठेवला, शेवटचा नाही. मुद्दाम. आभाराच्या दिवशी माणसं गोड बोलतात आणि राग गिळतात. त्यानंतर आणखी एक दिवस हवा, राग काढायला. आम्ही भाषणं ठेवली नाहीत. मावशींचे आभार सर्वांत आधी मानले, नऊ वर्षांत त्यांनी भाड्याचा एक रुपया घेतला नव्हता. ते नीट हिशेबात मांडलं असतं तर संस्थेच्या सर्वांत मोठ्या देणगीदार त्याच ठरल्या असत्या. कार्यकर्त्यांना अनुभवाचं लेखी प्रमाणपत्र दिलं, काय काय काम केलं ते सविस्तर लिहून. आणि येणाऱ्या बायांचे आम्ही आभार मानले. त्या चकित झाल्या. ‘‘आमचे कशाला? आम्ही तर नुसतं रडलो.’’ पण ज्यांनी परक्या पोरीसमोर तोंड उघडण्याचा धोका पत्करला, त्यांच्या विश्वासावर आमचे पगार निघाले, माझं नाव झालं, विश्वस्तांची अब्रू वाढली. ऋण कुणाचं कुणावर होतं, हे त्या दिवशी तरी सरळ बोललं गेलं.

शेवटच्या मंगळवारी टोपलीवाल्या आजी भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. त्यांचा मुलगा सहा वर्षांपूर्वी विहिरीत गेला. बोलत त्या कधीच फारशा नव्हत्या, पण पावसाचे दोन-चार सोडले तर त्यांचा मंगळवार चुकलेला नव्हता. मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, ‘‘आजी, रागावलात?’’

त्या म्हणाल्या, ‘‘तुमचं समदं बरोबर हाय. कागद दिलं, हिशेब दिला. पण मला धन्यवाद नगं होता, बाई. मला मंगळवार पाहिजे होता.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आताही नाही. नीट बंद केल्याने नुकसान भरून येतं असं जर कुणी या लेखातून समजत असेल, तर ते मी म्हणत नाही. आजींचं नुकसान झालं. आमच्या हातून झालं, आणि ज्यांनी पैशाच्या वाटा बुजवल्या त्यांच्याही हातून झालं. मी एवढंच म्हणते की त्यांना ते माझ्या तोंडावर सांगता आलं. राहुरीच्या स्टँडवरच्या बाईंना कुलपाला विचारावं लागलं होतं.

मंगळवारी तीन-चार जणी अजून मावशींच्या ओट्यावर बसतात, असं कळतं. केंद्र नाही, पाटी नाही, मीही नाही. मला बोलावलेलं नाही, म्हणून गेले नाही.

नऊ फायली राहिल्या आहेत. त्या बाया गाव सोडून गेल्या, दोघी ऊसतोडीच्या टोळीबरोबर, बाकीच्यांचा पत्ता लागत नाही. दोन कार्यकर्त्यांच्या सहीने मोहोरबंद करून त्या ठेवल्या आहेत. दिवाळीनंतर टोळ्या येतात. तेव्हा अड्ड्यावर जाऊन विचारायचं आहे.